विश्लेषण : शत्रूने न पाडलेले विमान ‘पाडले’ कोणी? लढाऊ वैमानिक रोआल्ड डाल लेखक कसे झाले?

‘चार्ली अँड द चॉकलेट फॅक्टरी’ आणि ‘मटिल्डा’ या पुस्तकांमुळे रोआल्ड डाल यांना जग मुलांचे लेखक म्हणून ओळखते. पण लेखक म्हणून त्यांचे नाव पहिल्यांदा झाले ते विमानांमुळे. दुसऱ्या महायुद्धात ते ब्रिटनच्या शाही वायुदलात लढाऊ वैमानिक होते. १९४२ मध्ये अमेरिकेतील एका बड्या साप्ताहिकात त्यांचा लेख छापून आला. लिबियावर आपले विमान पाडले गेले, असे त्याचे शीर्षक सांगत होते. प्रत्यक्षात ते विमान लिबियात पडले नव्हते आणि शत्रूने पाडलेही नव्हते. मग ते पडले कसे? आणि खरी हकिकत सविस्तर सांगायला डाल यांना चार दशके का लागली?

डाल वायुदलात कसे पोहोचले?

डाल यांचा जन्म १३ सप्टेंबर १९१६ रोजी वेल्समधील कार्डिफजवळच्या लँडाफ येथे झाला. आई-वडील नॉर्वेचे. वडील जहाजांना माल पुरवण्याच्या व्यवसायात होते. दक्षिण ध्रुवावर सर्वांत आधी पोहोचलेल्या रोआल्ड अमुंडसेन यांच्यावरून मुलाचे नाव ठेवले गेले. (हे अमुंडसेन १९२८ मध्ये एका बचावमोहिमेवर विमानाने निघाले आणि परतलेच नाहीत.) रोआल्ड तीन वर्षांचे असताना सात वर्षांची बहीण अपेंडिक्सच्या आजाराने गेली आणि काही आठवड्यांत वडीलही गेले. आई सोफी यांनी मुले एकटीने वाढवली. बोर्डिंग शाळेत गेल्यापासून डाल आईला नियमित पत्रे लिहीत. ती सारी पत्रे आईने जपून ठेवली. या पत्रांचा उल्लेख पुढे येणार आहे.

शाळा संपल्यावर विद्यापीठात न जाता त्यांनी १९३४ मध्ये शेल या तेल कंपनीत नोकरी धरली. १९३८ मध्ये कंपनीने त्यांना पूर्व आफ्रिकेत, आजच्या टांझानियातील दार-ए-सलाम येथे पाठवले. पुढच्याच वर्षी युद्ध सुरू झाले. नोव्हेंबर १९३९ मध्ये डाल स्वतः गाडी चालवत नैरोबीला गेले आणि वायुदलात भरती झाले.

त्यांची उंची होती ६ फूट ६ इंच. प्रशिक्षणासाठी होते ते टायगर मॉथ हे उघड्या कॉकपिटचे दुपंखी विमान. भारतीय वायुदलानेही युद्धकाळात आणि त्यानंतर काही वर्षे याच विमानावर नव्या वैमानिकांना शिकवले. डाल यांचे डोके पुढच्या वाराकाचेच्या वर जाई. समोरून येणाऱ्या वाऱ्यात श्वास घेता येईना, म्हणून त्यांनी नाकातोंडावर पातळ फडके बांधायला सुरुवात केली. साधारण पावणेआठ तासांच्या सरावानंतर त्यांनी एकट्याने विमान उडवले. नैरोबीत त्यांच्यासोबत शिकणारे सोळा-एक तरुण होते. त्यांतले तीनच युद्धातून वाचले.

नैरोबीनंतर इराकमधील हब्बानिया तळावर सहा महिने पुढचे प्रशिक्षण झाले. तिथे हॉकर हार्ट हे जुन्या बनावटीचे विमान होते. ऑगस्ट १९४० मध्ये ते पायलट ऑफिसर झाले आणि त्यांची नेमणूक ८० क्रमांकाच्या स्क्वाड्रनमध्ये झाली.

१९ सप्टेंबर १९४० रोजी नेमके काय घडले?

८० स्क्वाड्रनकडे ग्लॉस्टर ग्लॅडिएटर ही विमाने होती. ब्रिटिश वायुदलातील हे शेवटचे दुपंखी लढाऊ विमान. सांगाड्यावर बहुतांश कापड ताणलेले, चाके कायम खाली लटकलेली आणि चार मशीनगन. त्यांपैकी दोन गन विमानाच्या नाकात असत. त्या फिरत्या पंख्याच्या पात्यांमधून गोळ्या झाडत. पाते समोर आले की गोळी थांबेल, अशी जोडणी इंजिनाला केलेली असे. वेग ताशी ४०० किलोमीटरच्या आसपास. जर्मनांचे मेसरश्मिट १०९ याहून ताशी दीडशे किलोमीटरने जास्त वेगाने उडत होते.

डाल यांनी ग्लॅडिएटर याआधी उडवलेच नव्हते. हवाई लढाई कशी करायची, हेही त्यांना कोणी शिकवले नव्हते. तरी १९ सप्टेंबरला सुएझ कालव्याजवळच्या अबू सुवेर तळावर त्यांच्या हाती एक ग्लॅडिएटर देण्यात आले. इजिप्तच्या पश्चिम वाळवंटात पुढे सरकलेल्या स्क्वाड्रनपर्यंत ते न्यायचे होते. वाटेत अमिरिया आणि फुका या दोन ठिकाणी इंधन भरून घेतले. स्क्वाड्रन नेमके कुठे आहे, हे त्यांना फुका येथे सांगण्यात आले : किनाऱ्यावरच्या मर्सा मत्रूहपासून दक्षिणेला सुमारे ३० मैल.

आज मोबाइलवर नकाशा उघडून निळा ठिपका पाहणाऱ्याला यातली अडचण चटकन कळणार नाही. तेव्हा वैमानिकाजवळ होकायंत्र, घड्याळ आणि मांडीवर पसरलेला नकाशा एवढेच असे. दिशा धरायची, वेग आणि वेळ यांचा गुणाकार करायचा आणि अंतर काढायचे. ताशी ३०० किलोमीटर वेगाने जाताना दिशा फक्त ५ अंशांनी चुकली, तर तासाभरात विमान सुमारे २६ किलोमीटर बाजूला जाते. बाजूने वारा असेल, तर चूक आणखी वाढते. ही चूक सुधारण्यासाठी खाली ओळखीची खूण लागते. वाशीम जिल्ह्याच्या आकाशात कोणी वाट चुकला असता, तर त्याने अकोला-पूर्णा लोहमार्ग शोधला असता. रूळ धरून उडत राहिले की जऊळका, मग वाशीम, मग हिंगोली, अशी स्थानके ओळीने येतात. त्या काळी जगभरचे वैमानिक रुळांचा असा आधार घेत. इजिप्तच्या किनाऱ्यालगतही रेल्वे होती. पण स्क्वाड्रन होते किनाऱ्यापासून आत, जिथे रेल्वे नाही, रस्ता नाही, गाव नाही. आणि दिवस मावळत आला होता.

सांगितलेल्या ठिकाणी डाल पोहोचले तेव्हा खाली ना धावपट्टी होती, ना तंबू. ते घिरट्या घालत राहिले. इंधन संपत आले, उजेडही संपत आला. वाळवंटातच उतरण्याशिवाय पर्याय उरला नाही. उतरताना चाके मोठ्या दगडावर आदळली आणि विमान नाकावर कोसळले. डाल यांची कवटी फुटली, नाक चेहऱ्यात दबले गेले, डोळे सुजून बंद झाले. विमानाने पेट घेतला. ते कसेबसे बाहेर सरपटत आले. मागे आगीच्या उष्णतेने मशीनगनच्या गोळ्या एकामागून एक फुटत होत्या.

ते पडले होते ब्रिटिश आणि इटालियन फौजांच्या मधल्या, कोणाच्याच ताब्यात नसलेल्या पट्ट्यात. अवघ्या तीन दिवसांपूर्वी, १६ सप्टेंबरला इटालियन सैन्य इजिप्तच्या हद्दीत सिदी बर्रानीपर्यंत येऊन थांबले होते. आघाडी हलत होती. डाल यांनी नंतर लिहिले आहे, की वायुदलाच्या चौकशीत एक गोष्ट स्पष्ट झाली : फुका येथे त्यांना दिलेला ठावठिकाणाच पूर्णपणे चुकीचा होता. म्हणजे नव्या मुलाला, नव्या विमानात, न शिकवता, चुकीच्या जागी पाठवले गेले होते.

ब्रिटिश सैनिकांनी त्यांना उचलून मर्सा मत्रूहच्या प्रथमोपचार केंद्रात आणि तिथून रेल्वेने अलेक्झांड्रियाच्या नौदल रुग्णालयात नेले. कित्येक आठवडे त्यांना दिसत नव्हते. दृष्टी परत येईल की नाही, हे कोणी सांगू शकत नव्हते. ती परतली. फेब्रुवारी १९४१ मध्ये रुग्णालयातून सुट्टी मिळाली. पाठीचे आणि डोक्याचे दुखणे मात्र जन्मभर राहिले.

ग्रीसमध्ये काय झाले?

डाल यांच्या शौर्याविषयी शंका घ्यायची असेल, तर पुढच्या तीन महिन्यांकडे पाहावे. वाळवंटातली घटना अपघात होती, पण ग्रीसमध्ये जे झाले ते खरेखुरे युद्ध होते. आणि गंमत म्हणजे त्याविषयी १९४२ च्या वाचकाला त्या शीर्षकातून काहीच कळले नाही.

एप्रिल १९४१ मध्ये ते पुन्हा ८० स्क्वाड्रनमध्ये रुजू झाले. तोवर स्क्वाड्रन ग्रीसमध्ये गेले होते आणि ग्लॅडिएटरच्या जागी हॉकर हरिकेन आले होते. एकच पंख, आत ओढून घेता येणारी चाके, रोल्स रॉइसचे मर्लिन इंजिन आणि आठ मशीनगन. पुढे ब्रह्मदेशच्या आघाडीवर भारतीय वायुदलाच्या तुकड्यांनीही हीच विमाने उडवली. हरिकेनवर केवळ सात तासांचा सराव झालेला असताना डाल यांनी एकट्याने भूमध्य समुद्र ओलांडून ते अथेन्सजवळच्या एलेव्हसिस तळावर नेले. एवढ्या उंच माणसाला त्या चिंचोळ्या कॉकपिटमध्ये काही तास गुडघे हनुवटीशी घेऊन बसावे लागले. उतरल्यावर त्यांना स्वतःहून बाहेर येता येईना.

तिथली परिस्थिती अशी होती : जर्मनीकडे शेकडो विमाने आणि ब्रिटिशांकडे त्या वेळी सगळ्या ग्रीसमध्ये लढण्यायोग्य १४ हरिकेन आणि ४ ब्लेनहाइम बॉम्बफेकी विमाने. हवेत लढायचे कसे, हे डाल यांना सांगितले ते डेव्हिड कोक या सहकारी वैमानिकाने, आदल्या संध्याकाळी, तंबूत बसून. वायुदलाने जे शिकवायला हवे होते, ते असे एका मित्राने काही वाक्यांत शिकवले. हा कोक त्याच वर्षी डिसेंबरमध्ये आफ्रिकेत मारला गेला.

१५ एप्रिलला खाल्किस शहराजवळ डाल एकटेच सहा युंकर्स ८८ विमानांवर चालून गेले आणि त्यांतले एक पाडले. दुसऱ्या दिवशी आणखी एक. २० एप्रिलला अथेन्सच्या आकाशात मोठी चकमक झाली. १२ हरिकेन वर गेली. त्यांतली पाच पडली, चार वैमानिक मेले. मृतांत होते स्क्वाड्रन लीडर पॅट पॅटल. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश वायुदलात सर्वाधिक विमाने पाडणारा वैमानिक म्हणून अनेक अभ्यासक त्यांचेच नाव घेतात. त्या दिवशी ते अंगात ताप असताना उडाले होते.

त्या चकमकीत कोणी कोणाला पाडले, हे आजही नेमके सांगता येत नाही. शेकडो विमानांच्या गर्दीत प्रत्येकाचे लक्ष स्वतः वाचण्यावर होते. शिवाय ग्रीसमधून माघार घेताना ब्रिटिश तुकड्यांची कागदपत्रे नष्ट झाली. पॅटल यांचा नेमका आकडा आजही वादाचा आहे तो त्यामुळेच. डाल यांच्या नावावर संशोधक किमान पाच विमाने धरतात. पाच किंवा अधिक विमाने पाडणाऱ्या वैमानिकाला ‘एस’ म्हणण्याची पद्धत आहे. त्या हिशेबाने डाल ‘एस’ ठरतात. ते स्वतः मात्र या आकड्याचा फारसा गाजावाजा करत नसत. न घडलेल्या पाडावाची कथा जगभर गेली आणि घडलेल्या लढाईचा हिशेब कागदाबरोबर जळाला, असा हा प्रकार.

अथेन्स पडण्याच्या बेतात असताना उरलेली हरिकेन दक्षिणेला आर्गोसजवळच्या ऑलिव्हच्या बागांत लपवण्यात आली. तिथे जर्मन विमानांनी ती जमिनीवरच जाळली. विमान न उरलेल्या वैमानिकांना इजिप्तला परत आणण्यात आले. पुढे हैफाहून डाल यांनी सीरियातील विशी फ्रेंच फौजांविरुद्ध उड्डाणे केली आणि जूनमध्ये आणखी दोन विमाने पाडली. पण आता शरीर साथ देईना. जोरात वळण घेताना रक्त डोक्याकडून खाली ओढले जाते आणि निरोगी वैमानिकालाही अंधारी येते. इथे तर फुटून जुळलेली कवटी होती. असह्य डोकेदुखी आणि भोवळ सुरू झाली. डॉक्टरांनी उड्डाणबंदी केली आणि डाल घरी परतले. त्यांचे वय होते २४.

लेखणी हातात कशी आली?

घरी बसलेल्या या तरुण अधिकाऱ्याची लंडनमधील एका क्लबात हॅरॉल्ड बाल्फर यांच्याशी भेट झाली. बाल्फर हे हवाई खात्याचे उपमंत्री आणि पहिल्या महायुद्धातले लढाऊ वैमानिक. त्यांनीही आपल्या उड्डाणांवर पुस्तक लिहिले होते. त्यांनी डाल यांना वॉशिंग्टनमधील ब्रिटिश दूतावासात सहायक हवाई अताशे म्हणून पाठवले. एप्रिल १९४२ मध्ये ते अमेरिकेत पोहोचले.

पर्ल हार्बरवरील हल्ल्यानंतर अमेरिका युद्धात उतरून जेमतेम चार महिने झाले होते. युरोपातल्या भांडणात आपण का पडावे, असे म्हणणारा मोठा वर्ग तिथे होता. अमेरिकी जनमत आपल्या बाजूला ठेवणे ही ब्रिटनची गरज होती. जखमा झालेला, उंचापुरा, बोलका वैमानिक या कामासाठी अगदी योग्य. डाल यांना मात्र ही पार्ट्यांची नोकरी सुरुवातीला अजिबात आवडली नाही.

अशात सी. एस. फॉरेस्टर त्यांच्याकडे आले. ‘हॉर्नब्लोअर’ या सागरी कादंबऱ्यांचे हे प्रसिद्ध लेखक तेव्हा ब्रिटनच्या प्रचारासाठी अमेरिकी नियतकालिकांत लिहीत होते. त्यांना एका वैमानिकाची हकिकत हवी होती. दोघे जेवायला गेले. जेवता जेवता टिपणे घेणे काही जमेना, तेव्हा डाल यांनी सुचवले, की मीच लिहून पाठवतो, तुम्ही त्याचा लेख करा. त्यांनी रात्री बसून ते लिहिले. फॉरेस्टर यांनी ते जसेच्या तसे, डाल यांच्याच नावाने पाठवून दिले, असे डाल पुढे सांगत. मानधनाचे एक हजार डॉलर ठरले आणि एजंटचे कमिशन वजा जाता नऊशे हाती आले, हाही त्यांचाच हिशेब.

लेख ‘सॅटर्डे इव्हिनिंग पोस्ट’च्या १ ऑगस्ट १९४२ च्या अंकात आला. डाल यांनी दिलेले शीर्षक होते ‘अ पीस ऑफ केक’, म्हणजे वैमानिकांच्या बोलीत किरकोळ काम. छापून आले ‘शॉट डाउन ओव्हर लिबिया’. साप्ताहिकाने तो प्रत्यक्ष घडलेला वृत्तान्त म्हणून दिला. शीर्षकात दावे दोनच होते, विमान पाडल्याचा आणि लिबियाचा, आणि दोन्ही चुकीचे.

हे कोणी केले? डाल यांनी पुढे दोष संपादकांवर टाकला. नाट्य वाढवण्यासाठी शीर्षक बदलले गेले हे खरेच. पण ते सोयीचेही सर्वांनाच होते. वायुदलाने स्वतःच्या वैमानिकाला चुकीच्या जागी पाठवून जवळजवळ मारले, हे अमेरिकी वाचकाला सांगून ब्रिटनला काय मिळणार होते? शत्रूची गोळी लागलेला वीर हवा होता, तो मिळाला. आणि ज्या २५ वर्षांच्या तरुणाचे नाव पहिल्यांदाच एवढ्या मोठ्या अंकात झळकले, त्यानेही तेव्हा जाहीर दुरुस्ती केली नाही. प्रचार नेहमी वरून लादला जातो असे नाही. कधी कधी त्यात सगळ्यांचीच सोय असते.

ग्रेमलिन म्हणजे काय?

विमानात कारण न सापडणारा बिघाड झाला, की ब्रिटिश वैमानिक आणि मेकॅनिक ग्रेमलिनवर बिल फाडत. ग्रेमलिन म्हणजे विमानात घुसून खोड्या करणारी चिमुकली भुते. डाल यांनी त्यांवर गोष्ट लिहिली. ग्रेमलिनांचे जंगल तोडून तिथे विमानांचा कारखाना उभारला गेला आणि त्या रागातून ते विमानांच्या मागे लागले, अशी तिची कल्पना. सेवेत असल्याने हस्तलिखित वरिष्ठांकडे मंजुरीसाठी द्यावे लागले आणि तिथून ते थेट वॉल्ट डिस्ने यांच्याकडे गेले. चित्रपट ठरला, चित्रे काढली गेली, डाल यांना हॉलीवूडला बोलावणे आले. चित्रपट झाला नाही. पुस्तक मात्र १९४३ मध्ये निघाले. डाल यांचे हे पहिले पुस्तक. एलिनॉर रूझवेल्ट यांनी ते आपल्या नातवंडांना वाचून दाखवले आणि तरुण लेखकाला राष्ट्राध्यक्षांच्या घरी जेवणाची आमंत्रणे येऊ लागली. तिथे कानावर पडणाऱ्या गोष्टी ते ब्रिटिश गुप्तचरांना कळवत, हा वेगळा विषय.

ग्रेमलिन हा शब्द आपणच काढला, असेही डाल सांगू लागले. ते खरे नव्हते. त्यांच्या कितीतरी आधीपासून तो वायुदलात प्रचलित होता आणि इतर वैमानिकांनी हा दावा खोडून काढला. कथा रंगवताना आपली भूमिका थोडी मोठी करण्याची सवय त्यांना पहिल्या दिवसापासून होती.

खरी हकिकत केव्हा आली?

१९४६ मध्ये डाल यांचा ‘ओव्हर टू यू’ हा कथासंग्रह आला. दहाही कथा वैमानिकांच्या आणि उड्डाणाच्या. विमानाविषयीचे त्यांचे सर्वांत चांगले लेखन यातच आहे. इथे वीर जवळपास कोणी नाही. उडण्याआधी हात थरथरणारा वैमानिक आहे. मुलाच्या बॉम्बफेकी विमानाची घरघर रात्री ऐकत खिडकीशी बसलेली आई आहे. ‘कातिना’ या कथेत घरदार बॉम्बखाली गेलेली एक ग्रीक मुलगी वैमानिकांसोबत राहू लागते. तिची पार्श्वभूमी म्हणजे त्यांनी पाहिलेला आर्गोसचा तळ. ‘दे शॅल नॉट ग्रो ओल्ड’मध्ये बेपत्ता झालेला वैमानिक दोन दिवसांनी परततो आणि मेलेल्या वैमानिकांच्या विमानांची ढगांमधली लांबच लांब रांग पाहिल्याचे सांगतो. जपानी दिग्दर्शक हायाओ मियाझाकी यांच्या ‘पोर्को रोसो’ (१९९२) या ॲनिमेशनपटात ही रांग जशीच्या तशी दिसते.

याच संग्रहात वाळवंटातल्या अपघाताची कथा आपल्या मूळ नावाने, ‘अ पीस ऑफ केक’ म्हणून आली. पण ती कथा म्हणून आली, वृत्तान्त म्हणून नाही. त्यात निवेदकासोबत दुसऱ्या विमानात पीटर नावाचा एक साथीदार आहे. तो जवळच सुखरूप उतरतो आणि जखमी मित्राजवळ थांबतो.

सविस्तर आत्मकथन यायला १९८६ उजाडले. ‘गोइंग सोलो’ या पुस्तकात डाल यांनी स्पष्ट लिहिले : विमान पाडले गेले नव्हते, ठावठिकाणा चुकीचा दिला गेला होता. युद्धात उतरणाऱ्या तरुणांना किती अपुरे प्रशिक्षण दिले जाई, याचा रागही त्यात आहे. ७० वर्षांच्या, जगप्रसिद्ध लेखकाला आता कोणाची मर्जी राखायची नव्हती. या पुस्तकासाठी उपयोगी पडली ती आईला लिहिलेली पत्रे. आई १९६७ मध्ये गेल्यावर ती सगळी, गठ्ठे बांधून ठेवलेली, त्यांच्या हाती आली होती. पुस्तकात त्यांतले उतारे, छायाचित्रे आणि उड्डाणवहीची पानेही आहेत. उड्डाणवहीत तारीख, विमान आणि वेळ लिहावीच लागते. त्यामुळे निदान सांगाडा तरी पक्का आहे.

पण सांगाडाच. या पुस्तकात वाळवंटातला अपघात डाल एकट्याने भोगतात. साथीदार नाहीसा झाला आहे. २०१० मध्ये त्यांचे चरित्र लिहिणाऱ्या डोनाल्ड स्टरॉक यांनी दाखवून दिले, की त्या संध्याकाळी दुसरे ग्लॅडिएटर खरोखर सोबत होते आणि त्याचा वैमानिक रात्री डाल यांच्याजवळ थांबला होता. म्हणजे वृत्तान्त म्हणून छापलेल्या लेखाने विमान पडण्याचे कारण चुकवले, कल्पित कथेने साथीदार सांभाळला आणि आत्मकथनाने कारण सुधारून साथीदार गाळला. तिन्ही एकत्र वाचल्याशिवाय १९ सप्टेंबर १९४० चा दिवस पूर्ण दिसत नाही. युद्धातल्या आठवणी वाचणाऱ्याने हे ध्यानात ठेवलेले बरे.

डोक्याला बसलेल्या त्या फटक्यामुळेच आपण लेखक झालो, असे डाल मानत. वैद्यकीय दृष्टीने ते सिद्ध करणे अवघड आहे. पण अपघात झाला नसता, तर ते वॉशिंग्टनला गेले नसते आणि फॉरेस्टर यांना भेटलेही नसते, एवढे नक्की.

विमानाचा नाद पुढे कुठे उपयोगी पडला?

‘ओव्हर टू यू’नंतर डाल हळूहळू विमानांपासून दूर गेले. ग्रेमलिन आणि अणुयुद्ध यांवरची त्यांची १९४८ ची कादंबरी साफ पडली. पुढे प्रौढांसाठीच्या धक्कादायक शेवटाच्या कथा आणि १९६० च्या दशकापासून मुलांची पुस्तके असा प्रवास झाला.

डिसेंबर १९६० मध्ये न्यूयॉर्कमध्ये त्यांच्या चार महिन्यांच्या मुलाच्या, थिओच्या बाबागाडीला टॅक्सीने धडक दिली. बाळाच्या मेंदूत पाणी साचू लागले. ते काढण्यासाठी बसवलेल्या नळीचा व्हॉल्व्ह वारंवार तुंबे आणि प्रत्येक वेळी बाळाची दृष्टी जाण्याचा धोका निर्माण होई. आंधळेपण म्हणजे काय, हे बापाला अलेक्झांड्रियाच्या रुग्णालयात कळले होते. त्यांना आठवले स्टॅन्ली वेड. हे हायड्रॉलिक इंजिनीअर खेळण्यातल्या विमानांच्या इंजिनांसाठी इवलेसे, न तुंबणारे इंधनपंप बनवत. वेड, लंडनचे मेंदूशल्यविशारद केनेथ टिल आणि डाल यांनी मिळून १९६२ मध्ये नवा व्हॉल्व्ह तयार केला. आत धातूच्या दोन छोट्या चकत्या. दाब आला की त्या उघडतात, उलट प्रवाह झाला की बंद होतात. कचरा अडकायला जागाच नाही. तो तयार होईपर्यंत थिओ बरा झाला होता. पण सुमारे तीन हजार मुलांना तो बसवला गेला आणि तिघांनी त्यातून नफा घेतला नाही. ‘वेड-डाल-टिल व्हॉल्व्ह’ या नावाने तो ओळखला जातो.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये त्यांची सात वर्षांची मुलगी ऑलिव्हिया गोवरातून झालेल्या मेंदूज्वराने दगावली. पुढे १९८० च्या दशकात, गोवराची लस उपलब्ध असूनही ती न देणाऱ्या पालकांना उद्देशून डाल यांनी पत्रक लिहिले.

डाल यांचे सगळेच कौतुकास्पद नव्हते. ज्यूंविषयी त्यांनी १९८३ मध्ये केलेली विधाने उघड द्वेषाची होती. त्याबद्दल त्यांच्या कुटुंबाने २०२० मध्ये जाहीर माफी मागितली. २३ नोव्हेंबर १९९० रोजी ऑक्सफर्डमध्ये त्यांचे निधन झाले. ग्रेट मिसेंडेन या गावी बागेतल्या एका खोपटात ते लिहीत. पाठीच्या दुखण्यामुळे टेबलाशी बसता येत नसे, म्हणून आरामखुर्चीत बसून हातांवर आडवी फळी टाकून लेखन चाले. शेजारच्या छोट्या टेबलावर चॉकलेटच्या चांद्यांचा गोळा होता, शस्त्रक्रियेत काढलेले स्वतःच्या खुब्याचे हाड होते आणि हरिकेन विमानाची एक छोटी प्रतिकृती होती.